गचक्याच्या बसमधली बाई

डेपोत त्याला सगळे गचका म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. नोकरीभर त्याने ब्रेक असा मारला, की मागच्या बाकावरचा माणूस पुढच्या बाकावर पाहुणा म्हणून जायचा. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, यांच्या गाडीत कुणाला कधी झोप लागली नाही. लोक हसले. गचकाही हसला, कारण त्याला ती स्तुती वाटली. घरी पोचेपर्यंत वाटत राहिली.

निवृत्त ड्रायव्हरने बागेतल्या बाकावर बसावं, सरकारला शिव्या द्याव्यात, संध्याकाळी घरी यावं. गचक्याने पुन्हा बस चालवायला घेतली. मुलगी परगावी नोकरीला गेली, तिचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला. जाताना तिने त्यात बस चालवायचा खेळ घालून दिला आणि टेबलाला स्टिअरिंग आणि खाली ब्रेकचं पेडल बसवून दिलं. बायको पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. तिने सुईत दोरा ओवता ओवता एवढंच विचारलं, की जन्मभर जे केलं त्याचा वीट येण्यासाठी आणखी किती जन्म लागतील.

खेळ विकणाऱ्या कंपनीने दिलेल्या गाड्या मोजक्याच होत्या. खरी मजा होती ती खेळणाऱ्या लोकांनी स्वतः बनवलेल्या वस्तूंची. कुणी जुनी डिझेलची बस बनवायचा, कुणी नुसता वायपरचा आवाज. सगळं एका साइटवर फुकट ठेवलेलं असायचं. डाउनलोड करा, योग्य फोल्डरमध्ये टाका, की तुमच्या खेळात ते दिसायला लागतं. नियम साधे होते. ज्याचं त्याचं नाव सांगा, दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून खपवू नका, मालकाला विचारल्याशिवाय पुढे वाटू नका. गचक्याला हे डेपोतल्या जेवणाच्या सुट्टीसारखं वाटलं. सगळ्यांचे डबे एका टेबलावर उघडायचे; पण जो रोज रिकाम्या हाताने येऊन नुसताच जेवतो, त्याच्याकडे लोक हळूहळू बघायला लागतात.

गचका बरेच दिवस नुसताच जेवला. मग त्याला लाज वाटली आणि तो स्वतःचा जुना रस्ता बनवायला बसला. डेपो, दवाखान्याचा चढ, पूल, बाजार, शेवटचा थांबा. अक्षरं त्याला उशिरा आली होती, डोक्यावरचे केस जायला लागले तेव्हा. त्यामुळे वाचनाची त्याला फार गोडी, फक्त सूचना सोडून. प्रत्येक डाउनलोडबरोबर ‘आधी हे वाचा’ असं एक पान यायचं. ते तो सगळं बिघडल्यावर वाचायचा.

खेळातल्या प्रवाशांनी मात्र त्याचा जीव मेटाकुटीला आणला. सगळे तरुण, सगळ्यांच्या कानात गाणी ऐकायची बोंडं. ब्रेक कितीही मारा, कुणी हूं की चूं करत नाही. भुतं वाहून नेल्यासारखं वाटे. म्हणून त्याने स्वतःपुरती एक प्रवासी बनवली. अल्बममधल्या फोटोंवरून बायकोचा चेहरा घेतला, तिचा तपकिरी कोट घातला, मांडीवर पिशवी दिली. आवाजही तिचाच. माइक चालतो का ते बघायला त्याने तिला काहीतरी बोल म्हटलं होतं, तेव्हा ती कंटाळून म्हणाली होती, “काय बोलू? अहो, हळू. मांडीवर अंडी आहेत.” बाजारातून येताना ती त्याच्या बसमध्ये बसायची, तेव्हा दर वेळी हेच म्हणायची. आता खेळात ब्रेक जोरात लागला, की मागच्या बाकावरून तेच ऐकू यायचं. गचका खूश. ही बाई कुणाला दिसायची नव्हती, म्हणून बायकोला सांगायचं काही कारण त्याला दिसलं नाही.

रस्ता तयार झाला आणि त्याने तो साइटवर चढवला. लगेच तक्रारी आल्या. थांबे दिसत नाहीत, झाडं हवेत लटकताहेत, पूल आहे पण नदी नाही. त्याने वापरलेल्या दुसऱ्यांच्या वस्तू त्याच्या कॉम्प्युटरवर होत्या, लोकांच्या कॉम्प्युटरवर नव्हत्या. साइटची देखरेख एक दातांचा डॉक्टर करायचा. त्याने दात काढायच्या आधी बोलतात तशा गोड भाषेत समजावलं: वस्तूंच्या मालकांची परवानगी घ्या आणि लागतं तेवढंच रस्त्याबरोबर द्या. गचक्याने परवानग्या आणल्या, तिथे तो चोख होता. पण ‘लागतं तेवढंच’ निवडायचं म्हणजे सूचनांचं पान वाचणं आलं. त्यापेक्षा त्याने अख्खा फोल्डर उचलून चढवला. घर बदलताना कपाट खण न उघडता उचलावं, तसा. एका खणात बायको होती.

तारीफ सुरू झाली तेव्हा त्याला वाटलं, आपल्या दवाखान्याच्या चढाचं लोकांना कौतुक आहे. चढाबद्दल कुणी अक्षर लिहिलं नव्हतं. सगळे मागच्या बाकावरच्या बाईबद्दल विचारत होते. भाषा न कळणाऱ्यांनीसुद्धा ‘अहो, हळू’ पाठ केलं. लोकांनी तिला उचलून आपापल्या बसमध्ये बसवलं, रेल्वेच्या खेळात बसवलं. एकाने तर विमानाच्या खेळात खिडकीजवळची जागा दिली. चूक गचक्याच्या लक्षात आली. पण ती लक्षात यायच्या आधी छाती फुगून पुढे आली होती. त्याने प्रत्येकाला उत्तर दिलं, “धन्यवाद, माझीच निर्मिती.” बायकोला सांगायचं त्याने ठरवलं होतं, कीर्ती आणखी थोडी वाढली की.

ती वेळ कीर्तीने त्याला दिलीच नाही. एका सकाळी बायकोकडे एक मुलगी गणवेशाची पँट आखूड करायला आली. बस चालवायला शिकत होती. बायको तिच्या पायाशी बसून टाचण्या लावत होती, आणि गचका मागून कापडाचा गठ्ठा घेऊन घुसला.

“अहो, हळू,” बायको म्हणाली.

मुलगी टाचण्यांसकट वळली. “काकू, तुम्ही अंडीवाल्या बाई?”

बायकोला वाटलं, हिला चुकीचा पत्ता मिळाला. मुलीने आनंदाने फोन काढला. ती घरी खेळावर सराव करायची आणि अंडीवाल्या बाईंमुळेच तिचा ब्रेक सुधारला होता. तिने एक व्हिडिओ दाखवला. समोरून बायको अगदी बायको होती. मग कुणीतरी कॅमेरा फिरवत तिच्या मागे नेला. मागे काहीच नव्हतं. कोट नाही, केस नाहीत, पाठ नाही. रिकाम्या मुखवट्यासारखी चेहऱ्याची आतली बाजू दिसत होती. खाली लोकांनी लिहिलं होतं, ‘बाई मागून पोकळ.’

बायकोने ते दोनदा पाहिलं. उरलेल्या टाचण्या लावल्या, मुलीला पँट कधी मिळेल ते सांगितलं, दार लावलं.

“काढून टाका,” ती म्हणाली.

गचक्याने सांगितलं, की साइटवरून काढता येईल, पण लोकांनी नेलेलं परत आणता येत नाही. सुटलेला बाण आहे तो. आणि कुणी तुला हसत नाही, उलट माया करतात.

“माझ्या पुढच्या अंगावर करतात. मागे मी आहे कुठे? इतकी वर्षं संसार केला, मला पाठ आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

तो खरं तेच बोलला. ड्रायव्हरला माणसं आरशात दिसतात, सगळी समोरून. रस्त्याने जाताना तो पुढे असतो आणि ती मागे. म्हणून पाठीचा विचारच आला नाही. खरं बोलून त्याने होतं त्याहून बिघडवलं.

त्या दिवसापासून घरातलं ‘अहो’ गेलं. जेवण वेळेवर मिळायचं. ‘वाढलंय’ हा शब्द भिंतीला सांगितला जायचा. चहा आला हे कपाच्या आवाजावरून कळायचं. ज्या शब्दाला जन्मभर कान दिला नाही, त्याच्यासाठी आता कान टवकारून बसायची पाळी आली. एकदा त्याने खेळ सुरू केला आणि मुद्दाम ब्रेक दाबला. “अहो, हळू,” मागचा बाक म्हणाला. बायको शेजारच्याच खोलीत होती. चोरून साखर खाताना सापडल्यासारखं त्याला झालं. त्याने कॉम्प्युटर बंद केला.

मग त्याने रस्ता साइटवरून उतरवला आणि बोटाने एकेक अक्षर दाबत लिहिलं: ‘ती माझी निर्मिती नाही, माझी बायको आहे. मी तिला विचारलं नव्हतं. कृपा करून तिला तुमच्या गाड्यांतून उतरवा.’ डॉक्टरने खाली लिहिलं, की इथे नियम एकच, मालकाला विचारायचं. या वस्तूच्या मालकीणबाई म्हणतील तसं. मग उत्तरं यायला लागली. लोक खरोखर तिला उतरवत होते आणि माफी मागत होते.

गचका शिवणाच्या खोलीच्या दारात उभा राहून ती उत्तरं मोठ्याने वाचायला लागला. वाचनात तो अजून प्रत्येक थांब्यावर थांबणारी गाडी होता. बायकोचं मशीन चालूच राहिलं. पँटवाल्या मुलीने लिहिलं होतं, ‘काकूंना उतरवलं. बस फार शांत झाली आहे आणि मी पुन्हा गचके द्यायला लागले आहे.’

मशीन थांबलं.

“कोट कुठला घातला होता मला?” बायकोने शिलाईकडे बघत विचारलं.

“तपकिरी.”

“त्याचा डावा खांदा उतरलाय. समोरून कळत नाही. अंगात कपडा बसतो की नाही ते पाठ सांगते.” ती उठली, कोट घालून आली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. “करा आता नीट. मग बघू.”

गचका फोन घेऊन मागे उभा राहिला. जन्मभर मशीनवर वाकून तिचा एक खांदा खाली गेला होता. केसांत दोन पिना होत्या, एक वाकडी. कॉलरला पांढरा दोरा चिकटला होता.

“दोरा काढू का?” त्याने विचारलं.

“राहू दे. असतोच तो.”

उभ्याउभ्या तिने अटी सांगितल्या. उभं राहून प्रवास करणार नाही, बसायला जागा पाहिजे. बस सुटली म्हणून मागे पळणार नाही. आणि त्या विमानवाल्याला सांगा, मला उतरवू नको. खिडकीची जागा मला कुणी कधी दिली नव्हती.

पाठ जमायला त्याला फार दिवस लागले. या वेळी त्याने सूचनांचं पान आधी वाचलं. तयार झाल्यावर बायको त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. त्याने कॅमेरा मागे नेला. तिने उतरलेला खांदा पाहिला, वाकडी पिन पाहिली, दोरा पाहिला. आवाज त्याने काढून टाकला होता. विचारायची हिंमत झाली नव्हती.

तो डेपोतून निघाला, दवाखान्याचा चढ चढला आणि पहिल्याच थांब्यावर पाय सवयीने ब्रेकवर पडला. पडद्यावरची बस हिसका देऊन थांबली. मागचा बाक गप्प राहिला.

“अहो, हळू,” शेजारून आवाज आला.

गचक्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. रस्त्यावरून नजर हलवली नाही.

“आलं का ते माइकात?” बायकोने विचारलं.

“नाही. बंद होता.”

“मग चालू करा,” ती खुर्ची पुढे सरकवत म्हणाली, “आणि पुन्हा मारा ब्रेक.”