चंपालाल शेठची अठाई

चंपालाल शेठची आई वारली आणि शेठची झोप उडाली. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, "थोडेच दिवस घ्या." आता शेठ पडले व्यापारी. चालणारा माल कोण बंद करतो? त्यात पुतण्या अभयकुमारचं औषधाचं दुकान जळगावात आमच्याच बाजारात. काकाला डॉक्टरांची चिठ्ठी विचारायची त्याची काय छाती!

फक्त एक अडचण होती. शेठ पक्के जैन. दिवस मावळला की पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. मग झोपेची गोळी कधी घ्यायची? उन्हं असतानाच! इकडे भडगावच्या गाड्या ज्वारी घेऊन पेढीसमोर लागायच्या आणि तिकडे शेठ गादीवर घोरायला लागायचे. मी त्यांचा दलाल, बाजूलाच बसायचो. एकदा मी हळूच त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि उशाशी उदबत्ती लावली. एका शेतकऱ्याने चप्पल काढून हात जोडले. म्हणाला, "भला माणूस व्हता." शेठ तरी उठले नाहीत.

लवकर झोपले की पहाटेच टक्क जागे. मग दिवसभर डोकं जड. त्यावर उपाय म्हणून दुपारी अर्धी गोळी. "हलकी आहे, काकासाहेब," अभयकुमार म्हणायचा. हलक्या मालाचं काय, थोडा जास्तच लागतो.

असं वर्ष गेलं. पर्युषण आलं आणि शेठने जैन स्थानकात साधुमहाराजांसमोर अठाई जाहीर केली. आठ दिवस उपास, दिवसा फक्त उकळलेलं पाणी.

"आणि गोळी?" मी विचारलं.

"तीही बंद. आत्मा शुद्ध करायचाय, अभिमन."

तिसऱ्या दिवशी शेठचे हात लटलट कापायला लागले. अंगाला घाम, डोळ्याला डोळा नाही, गादीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकत बसायचे. लोक साता, म्हणजे खुशाली, विचारायला यायचे आणि गहिवरून जायचे. "काय तपाचं तेज आहे!" बायका गाणी म्हणायच्या. शेठची आत्या, भुआ प्रेमकुंवरबाई, सगळ्यांना जवळ नेऊन कापणारे हात दाखवायची. शेवटी तपस्व्याची मिरवणूक निघते, त्या वरघोड्याचा बँडसुद्धा ठरला होता. वाजवायला येणाऱ्यांपेक्षा शेठच जास्त तालात थरथरत होते.

माझी बायको झुंबरबाई धुळ्याकडची. ती दर्शनाला आली, एकदा बघितलं आणि मला दारात ओढलं.

"हाई काही तप नही शे. आमना सुकदेवले बी असंच व्हयेल व्हतं."

सुकदेव म्हणजे माझा मेहुणा. त्यानेही अशाच गोळ्या एका झटक्यात सोडल्या आणि धुळ्याच्या एसटी स्टँडवर तोंडाला फेस येऊन पडला. कसाबसा वाचला. माझं हसू तिथंच आटलं. सरळ जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो.

डॉक्टरांनी नाडी धरली आणि त्यांचाच चेहरा उतरला. "अहो, मी थोडे दिवस म्हणालो होतो! वर्षभर घेऊन एकदम बंद केलीत? झटके येतील, जीव जाईल. आत्ता गोळी घ्या. मग मी हळूहळू कमी करतो."

"पच्चक्खाण घेतलंय, व्रत कसं मोडू?" शेठ म्हणाले.

शेठाणी सायरबाई रडायला लागल्या. "अहो, तुम्हीच नसलात तर मी त्या वरघोड्याचं काय करू?"

शेठने मला कानाशी बोलावलं. "अभिमन, उपास मोडला तर लोक कारण विचारतील. चंपालालला गोळीचं व्यसन? बाजारात तोंड कसं दाखवू?"

"मेल्यावर तोंड झाकूनच नेतात, शेठ. ती काळजी नको."

त्यांना हसू आलं नाही. मग मी स्थानकात गेलो आणि महाराजसाहेबांना म्हणालो, "शेठ फार कष्टात आहेत, मांगलिक ऐकवून आशीर्वाद द्यायला चला." ते आले, मागे अख्खा बाजार आला. डॉक्टरांचं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकलं.

"चंपालालजी, पच्चक्खाणात आजाऱ्याला औषधाची सूट असतेच. पण आजार कोणता, ते तुमच्या तोंडून ऐकू दे."

शेठने खाली बघितलं, मग सायरबाईंकडे बघितलं.

"झोपेची गोळी," ते म्हणाले. "तिच्याशिवाय मला दिवस काढता येत नाही."

आता लोक हसतील म्हणून मीच दात आवळून बसलो होतो. पण कुणी हसेना. कापडवाले नेमीचंद छताकडे बघायला लागले. दोघे-तिघे चप्पल शोधायला उठले. अभयकुमार दिसेनासा झाला. आणि प्रेमकुंवरबाई भिंतीला टेकून बसत पुटपुटली, "मी तर अर्धीच घेते."

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"अभयने दुकान उघडलं तेव्हापासून."

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला आणि स्वतःचंच कपाळ पुसलं.

सायरबाईंनी शेठच्या तोंडात गोळी घातली, पाणी पाजलं. बँडला नको म्हणून निरोप गेला. पुढे कितीतरी महिने डॉक्टर सुरीने गोळीचे तुकडे करून द्यायचे आणि पुडी सायरबाईंकडे असायची. दुपारी पेढीवरून घरात गेलं की कानावर यायचं:

"आज थोडा मोठा तुकडा दे ना."

"नाही."

"काल तर मोठा होता!"

"कालचा भाव आज नाही."

एवढा मोठा व्यापारी, पण त्या सौद्यात एकदाही जिंकला नाही. माझ्याकडे आशेने बघायचा. मी दलाल असून मध्ये पडलो नाही.