बिरप्पाची जीभ

पाच वर्षांपूर्वी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलो, तेव्हा जुन्या फ्रेंच वाइनच्या तीन बाटल्या जिवापाड जपून आणल्या होत्या. सोलापूरच्या क्लबात मी त्यांच्या इतक्या बढाया मारल्या की अखेर गोऱ्या जज्जसाहेबांनीच विचारलं, "कधी पाजता?" रविवारी संध्याकाळी त्यांना जेवायला बोलावलं.

दुपारी वाटलं, आधी आपण चाखून पाहावं. एकट्याने पिण्यात मजा नाही. बिरप्पा धनगराच्या मेंढ्या त्या आठवड्यात खतासाठी बंगल्यामागच्या माझ्या शेतात बसल्या होत्या. सांगोल्याच्या शाळेत दोन यत्ता तो माझ्या शेजारी बसलेला. त्याला हाक मारली. आमच्या स्वयंपाकीण प्रेमलाबाईंनी पडवीत भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगांची चटणी आणून ठेवली आणि बाटल्यांकडे पाहून नाक मुरडलं.

पहिला घोट घेऊन मी डोळे मिटले. "वा. काय मुरलीय."

बिरप्पाने वास घेऊन पेला खाली ठेवला. "आंबलीय."

"तुला काय कळतंय यातलं?"

"दूध चाखून सांगतो की, मेंढी कुटं चरली ते. ही आंबलीय, वकील."

दुसरीही त्याने बाजूला सारली. माझं डोकं तापलं. त्याने बूच दोन बोटांत चुरडून दाखवलं. "उबी ठिवली व्हतीस न्हवं? बूच वाळलं, वारा शिरला."

येणाऱ्याजाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून मी त्या कपाटात देवासारख्या उभ्या मांडल्या होत्या. तिसरी तेवढी जागा नाही म्हणून खाली आडवी पडली होती. तिचा घोट त्याने बराच वेळ तोंडात घोळवला. "लई झ्याक. हीच दे सायबाला."

मी पहिली पुन्हा चाखली. चक्क सिरका. इतकी वर्षं जाणकार म्हणून मिरवलो आणि माझ्या जिभेला एवढं कळलं नव्हतं. लाज वाटली.

संध्याकाळी साहेबांनी घोट घेतला आणि पेला दिव्याच्या उजेडात धरला. मग म्हणाले, "लंडनमध्येही अशी प्यालो नाही. निवड तुमची?"

'हो' अगदी ओठांवर आला होता. क्लबात माझा डंका वाजला असता. पण दुपारचा तो सिरका आठवला.

"माझ्या मित्राची," मी म्हणालो. "मागे शेतात मेंढ्या राखतो."

"मग तो टेबलाशी का नाही?"

मी स्वतः उठून शेतात गेलो.

"घोंगडं हितंच ठिवू का?" बिरप्पाने विचारलं.

"खांद्यावरच असू दे."

साहेबांनी स्वतःच्या हाताने त्याचा पेला भरला. बिरप्पाने घोट घेतला, थोडा विचार केला. "दुपारपरास आता बरी लागतीया. जरा वारा खाऊन खुलली."

मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात पुढे केला. बिरप्पाने तो कमरेत न वाकता धरला.

"हा माझा मित्र," मी म्हणालो. बॅरिस्टर झालो त्या दिवशीसुद्धा माझी छाती एवढी फुगली नव्हती.