तिसऱ्याचे बूट

सन १९५२, मार्च महिना, पोलंडचे ग्दिनिया बंदर. जहाज कंपनीच्या कचेरीत चौकशी समिती बसली होती. टेबलावर जुन्या बुटांचा एक जोड होता आणि टेबलासमोर अलोयझी फोर्मेला हा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, उभा होता. मिसरूड फुटण्याआधीपासून ज्याने जहाजाखेरीज दुसरे घर जाणले नाही, त्याचा खलाशी परवाना राहणार की जाणार, याचा निकाल आज लागायचा होता.

कम्युनिस्ट राजवटीतून कोणी पळून जाऊ नये म्हणून नियम असा होता की, परक्या बंदरात तिघांनी मिळून उतरायचे आणि तिघांनीच परतायचे. प्रत्येकाने उरलेल्या दोघांवर डोळा ठेवायचा. बेल्जियममधल्या अँटवर्पला अलोयझी, बॉयलरवरचा आगवाला तेओफिल बिगुस आणि जहाजाचे राजकीय अधिकारी व्झोसेक उतरले. रोज संध्याकाळी निष्ठेवर प्रवचन झोडणारे हे व्झोसेक एका चपला-बुटांच्या दुकानात शिरले. नवे बूट पायांत चढवून जुने त्यांनी अलोयझीच्या हाती दिले. म्हणाले, "धर जरा. मागं आरसा आहे, बघून येतो."

मागे आरसा नव्हता, दार होते. दुकान बंद होईपर्यंत दोघे खलाशी तिथेच खिळून राहिले. वरिष्ठाला शोधत हिंडणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, आणि तोही गुन्हाच.

"लक्ष का नाही ठेवलंत?" अध्यक्ष कॉम्रेड दुदा यांनी विचारले. व्झोसेक यांना निवडले होते ते त्यांनीच.

"आम्ही त्यांच्यावर ठेवायचं, की त्यांनी आमच्यावर?"

"उलट बोलू नकोस, सारंग. आणि हे बूट कशाला आणलेस परत?"

"सरकारी माल ना, कॉम्रेड! माणूस गेला, निदान बूट तरी मायदेशी यावेत."

भिंतीशी उभ्या तेओफिलला हसू आवरेना. त्याने ते खोकल्यात दडपले.

दुदांचा आवाज एकाएकी मऊ झाला. "अलोयझी, तू जुना माणूस. एवढंच सांग, की बिगुसला हे आधीपासून ठाऊक होतं. परवा बोट सुटतेय. तिच्यावर तू असशील."

खिडकीबाहेर त्याच बोटीचे धुराडे दिसत होते. तेओफिलचा खोकला थांबला होता. अलोयझीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"निष्ठा शिकवायला व्झोसेकला धाडला कुणी? तेओफिलनं? हा बिचारा त्याच्या प्रवचनात घोरायचा, तेवढाच काय तो याचा गुन्हा! पळाला तुमचा माणूस, आणि फास आम्ही एकमेकांच्या गळ्यात अडकवायचा? जमणार नाही. हे घ्या बूट. घालून बघा, तुमच्याच मापाचे निघतील!"

त्याने जोड टेबलावरून सरकवला. एक बूट दुदांच्या मांडीवर जाऊन पडला. दुदांनी तो दोन बोटांनी उचलून जमिनीवर ठेवला.

"परवाने इथं ठेवा," ते म्हणाले. "दोघंही किनाऱ्यावर. कायमचे."