झील सोडून पुढे

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या जयवंतचं कलापथक संयुक्त महाराष्ट्राच्या सभांआधी गाणी म्हणायचं. जयवंत म्हणणारा, मागं झील धरणारे, म्हणजे पालुपद उचलणारे पाच-सहा जण आणि एक ढोलकी. छप्पन्नच्या जानेवारीत त्याचा मित्र कुशाबा गोळीबारात गेला, आणि वर्षभरानं कुशाबाची बायको रखमा आपणहून येऊन झीलकऱ्यांत उभी राहिली. आवाज खणखणीत, पण गाण्याबाहेर एक शब्द बोलायची नाही.

कुशाबावरचं गाणं जयवंतनंच रचलं होतं. म्हणताना त्याला सारखं वाटायचं, नुसतं गाणं कमी पडतंय. गिरगावचे तळपदे सर संध्याकाळी कामगारांसाठी नाटकाचा वर्ग घ्यायचे. तिथं त्यानं ऐकलं, की ग्रीसमध्ये आधी नाटक नव्हतंच. द्राक्षांच्या देवाच्या जत्रेत गावचे पुरुष गोल धरून गात आणि नाचत. मग कधीतरी त्यांतला एक बाजूला झाला आणि बाकीच्यांना उत्तरं देऊ लागला.

"त्यांच्या भाषेत नटाला शब्दच तसा आहे," सर म्हणाले. "उत्तर देणारा."

जयवंतच्या डोक्यात ते पक्कं बसलं. पुढच्या तालमीत त्यानं गाणं मध्येच थांबवलं, कुशाबा होऊन चार वाक्यं बोलला आणि ढोलकीच्या थापेवर छातीला हात लावून कोसळला. बघायला जमलेल्यांनी टाळ्या पिटल्या. रखमा चपला घालून चालू लागली.

जिन्यात त्यानं तिला गाठलं. "वहिनी, काही चुकलं का?"

"छान पडलात, भावजी," ती म्हणाली. "म्हणूनच निघाले."

त्यानं हे सरांना सांगितलं. सर म्हणाले,

"मग मरण दाखवू नका. ग्रीसमध्येही सहसा लोकांसमोर कुणाला मारत नसत. जे घडलं ते एक निरोप्या येऊन सांगायचा. बाकीचे विचारणार, तो सांगणार."

"सगळं सांगायचा?"

"सगळं."

गोळीबाराच्या दिवशी कुशाबाजवळ जयवंतच होता आणि चाळीत निरोपही त्यानंच नेला होता. 'कुशाबा गेला', एवढंच तो बोलला होता. पुढं रडारड झाली, माणसं जमली. नंतर ना रखमानं विचारलं, ना यानं सांगितलं.

त्यानं सगळं नव्यानं बसवलं. "कुणी पडणार नाही ना? मग येते," म्हणत रखमाही आली.

पहिला प्रयोग शिवडीला झाला. गोदीतले हमाल जमिनीवर बसले होते. झीलकऱ्यांनी विचारलं, कुठून आलास, काय पाहिलंस? जयवंतनं गर्दी सांगितली, धूर सांगितला, घोषणा सांगितल्या. 'आणि तो पडला' म्हणून तो थांबला. आता झील उचलायची होती.

"पाणी मागितलं का त्यानं?"

रखमा रांग सोडून पुढं आली होती. ढोलकीवरचा हात थबकला.

"मागितलं," जयवंत म्हणाला.

"मिळालं?"

"नाही. मी नळाकडं धावलो. ओंजळ घेऊन परत आलो तोवर..."

"एकटाच होता?"

"नाही. कुणी एका बाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पदरानं वारा घालत होती."

रखमानं मान हलवली. ती मागं सरली आणि तिनंच झील धरली. बाकीचे तिच्यामागून गाऊ लागले.

परतताना जयवंतनं विचारलं, "हे घरी का नाही विचारलंत, वहिनी?"

"घरी तोंडातून निघालं नसतं." थोडं चालून ती म्हणाली, "उद्या या. सासूबाईंनाही सांगा. ढोलकी आणू नका."

तो गेला. चुलीपाशी बसून त्यानं सगळं सांगितलं. म्हातारीनं गोळीचं काही विचारलं नाही.

"ती बाई कुणाची कोण रे?"

"माहीत नाही, आई. नंतर दिसली नाही."

"वयानं केवढी होती?"

"तुमच्याएवढी असेल."

म्हातारीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग रखमाला म्हणाली, "त्याला चहा टाक गं."