चेअरमनसाहेब गाभण

दुष्काळात नारायणगडाकडच्या रस्त्यावर एका दूध संस्थेनं चारा छावणी उघडली. चाऱ्यासाठी रोज रेटारेटी व्हायची, म्हणून चेअरमन सुंदररावांनी बीडच्या शिवकन्याकडून सॉफ्टवेअर करून घेतलं.

त्याचे तीन भाग होते. पहिला भाग जनावराच्या कानातला बिल्ला वाचून मालकाचं आणि जनावराचं नाव काढायचा. दुसरा चारा ठरवायचा. तिसरा भोंग्यावरून पुकारायचा. तो तिनं एका मैत्रिणीकडून आयता घेतला होता. प्रत्येक भाग तिनं वेगवेगळा तपासला. तिन्ही एकत्र चालवायला तिनं दोन दिवस मागितले.

"सुटे सुटे चालतेत ना? मग एकत्र कावून न्हाई चालणार?" सुंदरराव म्हणाले, आणि सोमवारी उद्घाटन ठेवलं.

पहिला मान त्यांच्याच चंद्री म्हशीचा. बिल्ला वाचला गेला आणि भोंगा बोलला, "चंद्री, आपण यावं. आपली म्हैस सुंदरराव, वय सहा, गाभण. चारा पंधरा किलो."

छावणीत चार म्हशी घेऊन आलेल्या भामाबाईंनी काळजीनं विचारलं, "कितवा महिना हाय?"

शिवकन्यानं भोंगा बंद केला. तिचा भाग आधी मालकाचं नाव पाठवत होता, मैत्रिणीचा भाग ते जनावराचं समजत होता. तपासताना तिनं दोन्ही जागी 'अबक' लिहिलं होतं, त्यामुळे कळलंच नव्हतं.

"साहेब, भाग बरोबर हायेत. सांधा चुकलाय," ती म्हणाली.

"मग सांधा तपास. मी हितंच उभा राहतो."

तिनं क्रम बदलला आणि खरी जनावरं, खरे मालक रांगेत उभे करून तिन्ही भाग एकत्र चालवले. नावं जुळली. मग रांगेतल्या आश्रुबाच्या वासराला भोंग्यानं साडेसात हजार किलो चारा जाहीर केला. आश्रुबा शांतपणे निघाला.

"कुठं चाललात?" शिवकन्यानं विचारलं.

"ट्रॅक्टर आणाया."

लहान जनावरांचा चारा दुसरा भाग ग्रॅममध्ये पाठवत होता. तेही तिनं सुधारलं. दुपारी चारपर्यंत एकूण एक जनावर पुकारून झालं आणि आश्रुबाला साडेसात किलोवर राजी करायला भामाबाईंना मधे पडावं लागलं.

सुंदरराव मात्र भोंग्याखालून हलेनात. "माझं नाव अजून दोनदा घ्यायला लाव," ते म्हणाले, "सकाळचं गाभण ऐकूनच निम्मे लोक घरी गेलेत."