मारिबेलच्या सात पिशव्या

कोन्चिंगने ओली गोणपाटं फ्रीजरवर पसरली आणि वर घरातली उरलीसुरली एक गोधडी टाकली. वीज सकाळी नऊला गेली होती, आता एक वाजून गेला होता. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली बसवत नव्हतं.

आज तिच्या लेकीला, मारिबेलला, जाऊन वर्ष झालं. वर्षभराच्या सुतकाचे काळे कपडे उतरवायचा दिवस. सकाळी प्रार्थना झाली, शेजारपाजारचे जेवून गेले, तरी कोन्चिंग अजून काळ्यातच होती. नेनेंगने, म्हणजे पलीकडच्या घरच्या शिंपिणीने, फुलाफुलांचा नवा झगा आणून खुर्चीवर ठेवला होता. तो तिने अजून उलगडलासुद्धा नव्हता.

फाटकावर आइसकँडीची पाटी मारिबेलच्याच अक्षरातली. उन्हाळाभर पोरं तिथून हाका मारत. गेल्या वर्षी डेंग्यूने ती आठवड्यात गेली, तेव्हा फ्रीजरच्या तळाशी तिने भरलेल्या खरबुजाच्या आइसकँडीच्या सात लांबट पिशव्या राहिल्या. त्या विकायच्या नाहीत, असं कोन्चिंगने सगळ्यांना बजावलं होतं. गाठ मारिबेलचीच: दोनदा पीळ, मग गाठ, आणि उरलेलं टोक पुन्हा आत खोचलेलं. दुपारी घर निजलं की फ्रीजरची मोटर घशात खाकरल्यासारखी सुरू व्हायची. कोन्चिंग झाकणावर हात ठेवून हळूच म्हणायची, "आले गं." तिला कोणी वेडी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आज मोटर गप्प होती. त्या शांततेची तिला भीती वाटत होती.

तिचा नवरा तेम्योंग बर्फ शोधायला बाजारात गेला होता. तो रिकामी पेटी घेऊन परतला. सगळ्या गावाचीच वीज गेलेली, बर्फाच्या कारखान्यासमोर ही रांग, असं त्याने सांगितलं. भांडी आवरायला थांबलेली नेनेंग म्हणाली,

"मावशी, वितळून पाणी होण्यापेक्षा खाऊन टाका. तिच्या हातचं आहे. आजच्या दिवशी तुम्ही नाही तर कोण खाणार?"

कोन्चिंगने आधी गोधडी बाजूला केली. मग गोणपाटं काढली. पिशव्या मऊ पडल्या होत्या. तिने एक उचलली, कोपरा दातांनी फोडला आणि चोखली.

गोड होती. दात शिवशिवावेत इतकी गोड.

मारिबेल साखरेला हात आखडायची. दाटसर गोड दूध तर ती घालायचीच नाही, त्यावरून बापलेकींची रोज जुंपायची. या घरात चहात चार चमचे घालणारा माणूस एकच होता.

तिने तेम्योंगकडे पाहिलं. तो खुर्च्या एकावर एक रचत होता, आधीच रचलेल्या पुन्हा रचत होता. नोव्हेंबरच्या वादळात ती मनिलाला बहिणीकडे अडकली होती. इथे चार दिवस वीज नव्हती. परतल्यावर तिने पहिला प्रश्न फ्रीजरचाच विचारला होता, आणि तो म्हणाला होता, पिशव्या जनरेटरवाल्याकडे ठेवल्या होत्या.

नेनेंग भांडी घेऊन गेली. कोन्चिंगने दुसरी पिशवी काढून त्याच्या हातात दिली. सुतारकाम करून त्याची बोटं जाड आणि बोथट झालेली. एवढीशी गाठ त्या बोटांत कशी आली असेल, हे तिला कळेना.

"किती दिवस लागले?"

"कशाला?"

"ही गाठ जमायला."

तो खाली बसला. "रात्र गेली. शंभरेक पिशव्या वाया गेल्या."

"आणि तिच्या होत्या त्या?"

"पाणी झालं होतं. ओतून देववेना." त्याने पिशवी दोन्ही हातांत धरली होती. "प्यालो. सातही."

कोन्चिंगला राग आला, खूप आला. आणि त्याच्यामागून काहीतरी आलं, ते रागाहून मोठं होतं. ती त्याच्याशेजारी बसली.

"तिच्या हातची चव कशी होती?" तिने विचारलं. "नीट आठवून सांग."