साठावं लागलं

"पुन्हा पूर्ण फी," शंकाताई पुटपुटल्या आणि त्यांनी स्क्रीनकडे डोळे वटारले. स्क्रीन थोडीच कुणाला भिते? आकडा होता तिथेच राहिला.

त्यांचं ऑफिस पुरस्कारांच्या स्पर्धांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं. पुरस्कार कुणाला द्यायचा ते परीक्षक बघून घेतील. पण स्पर्धेत उतरायची फी कुणाकडून किती घ्यायची, हे ठरवणं सॉफ्टवेअरच्या डोक्यावर. ह्या वेळी पुरस्कार कारागिरांचे होते आणि नावनोंदणी आज दुपारी सुरू व्हायची होती. लवकर नाव देणाऱ्याला सवलत, पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या सभासदाला सवलत, दुसरी वस्तू पाठवली तर तिच्यावर सवलत. सवलतींची अशी झुंबड, की त्या एकमेकींच्या पायात पाय घालून पडायच्या. मागच्या आठवड्यात तिघी एकत्र आल्या तेव्हा फी शून्याच्याही खाली घसरली आणि सॉफ्टवेअर कारागिरालाच पैसे मोजायला निघालं. ते शंकाताईंनी पकडलं. त्यांचं कामच ते. खोटे कुंभार, खोटे सुतार, खोट्या विणकरणी जन्माला घालायच्या, त्यांना वय चिकटवायचं, आणि फी बरोबर लागते का ते बघायचं.

शंकाताई हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. ह्या बाई दिलेल्या चहातही पाणी जास्त आहे का बघतात, असं पोरं म्हणायची. मध्यंतरी त्यांनी अशीच एक शंका काढून सगळं काम थांबवलं होतं, आणि शेवटी निघालं काय, तर नेट मंद होतं. तेव्हा ऑफिसच्या प्रमुख मॅडम काही बोलल्या नाहीत, पण तो न बोललेला शब्द ताईंच्या कानात अजून वाजत होता.

आणि आजची शंका अवघड जागेची होती.

सकाळपासून बनवलेल्या खोट्या माणसांत एकच जन्मतारीख खरी होती, ती त्यांची स्वतःची. नव्या तारखा सुचेनाशा झाल्या की बोटं सवयीची तारीखच टंकतात. संस्थेचा नियम सांगत होता, 'ज्यांना साठावे लागले आहे त्यांना निम्मी फी.' शंकाताईंना ते दोन महिन्यांपूर्वी लागलं होतं. सॉफ्टवेअर मात्र त्यांच्याकडून पूर्ण फी मागत होतं.

ऑफिसातली सगळी मंडळी तिशीच्या आतबाहेरची. कुणी वय विचारलंच तर "पन्नाशीनंतर मोजत बसू नये" म्हणून ताई विषय उडवायच्या. खोटं त्या कधी बोलल्या नाहीत. खरं बोलायची वेळ फक्त येऊ दिली नाही. कागदावर तारीख होती, पण कागद मुख्य कचेरीत. इथे चेहरा बघून चालायचं, आणि केस काळे ठेवले की चेहरा निभावून न्यायचा. त्यांचा करार संपत आला होता. नवा करार मॅडमच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. साठीला टेकलेल्या बाईला कोण नव्यानं ठेवून घेतं? नवऱ्याचं दुकान बसल्यापासून घरची चूल ह्याच खुर्चीवर पेटत होती.

तारीख पुसून टाकावी, दुसरी घालावी, बरोबर असल्याची हिरवी खूण करावी आणि गप्प बसावं. बोट तिथपर्यंत गेलंही. पण मग कुठली तरी विणकरीण अर्ध्या फीच्या आशेनं बसेल आणि तिला पूर्ण भरा म्हणून सांगतील. ते काही गिळवेना.

त्यांनी कुरळीला हाक मारली. फीचे नियम सॉफ्टवेअरमध्ये लिहिणारी ही मुलगी. केसांवरून तिला सगळे कुरळीच म्हणत. तिनं येऊन पाहिलं आणि बरोबरच आहे म्हणाली. ह्या बाईला एकोणसाठ पूर्ण आहेत, साठ कुठे झाली?

"अगं, म्हणूनच. तिला साठावं लागलंय."

"म्हणजे साठ झाली ना ताई?"

"लागलं म्हणजे लागलं. झाली म्हणजे झाली."

कुरळी हसली. तिच्या वयाच्या मुलांना वाढदिवसाचा केक कापला की वय कळतं. त्याआधी वर्षभर ते लागलेलं असतं, हे त्यांच्या गावीही नाही. दोघींचा आवाज ऐकून मॅडम आल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग ताईंकडे. ह्या वेळी नक्की का, एवढंच विचारलं, पण विचारण्यात मागचं नेटही होतं. ताईंनी मान हलवली. मॅडमनी सरळ संस्थेच्या अध्यक्षबाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

अध्यक्षबाई म्हणजे फटकळपणाचं दुकान. प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही.

"साठावं लागलं म्हणजे एकोणसाठ भरली. ह्यात विचारायचं काय? नियम मी सांगितला, मीच लिहवून घेतला. सगळी पोरंटोरं भरलीत वाटतं तिकडे. विचारायला एक पिकलेलं माणूस नाही ऑफिसात?"

मॅडम ओशाळून काहीतरी बोलणार होत्या. कुरळी खाली बघत होती. शंकाताईंच्या मनात आलं, आता गप्प राहिलं की सुटले. चूक सापडली, काम झालं. पण त्यांना कुणी नसल्यात जमा केलेलं आयुष्यात खपलं नव्हतं.

"आहे की," त्या फोनकडे वाकून म्हणाल्या. "मी आहे. ही तारीख माझीच आहे. मलाच साठावं लागलंय."

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, बरं झालं, आता फी नीट लागेल, आणि फोन ठेवला.

कुरळी जागेवर जाऊन नियम बदलू लागली. मॅडम आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं. शंकाताईंनी नव्यानं माणसं बनवायला घेतली. एकोणसाठ भरलेली कुंभारीण, निम्मी फी. एकोणसाठ भरायला एक दिवस बाकी असलेला सुतार, पूर्ण फी. सगळं जागच्या जागी बसलं. त्यांचं स्वतःचं काय बसलं, काय उठलं, ते दारापलीकडे होतं.

नावनोंदणी वेळेवर सुरू झाली. मग मॅडम बाहेर आल्या. करार ताईंसमोर ठेवला; सही झालेली होती.

"कचेरीतून तुमचे कागद आले तेव्हाच पाहिलं होतं वय," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही बोलत नव्हता, म्हणून मीही नाही बोलले. पुढच्या वर्षी साठ पूर्ण झालेल्यांना फी माफ करायचं म्हणतायत अध्यक्षबाई. तेव्हा तुमचीच तारीख घाला."

शंकाताईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

कुरळीनं मान वर काढून विचारलं, आता मावशी म्हणायचं का.

"ताईच म्हण. वय वाढलंय, नातं नाही."

संध्याकाळी सगळे एकदमच निघाले. जिन्याच्या तोंडाशी शंकाताई थांबल्या. मग आज पहिल्यांदाच डावा हात कठड्यावर ठेवून एकेक पायरी सावकाश उतरू लागल्या, ढोपर जसं मागत होतं तसं. मागची मंडळी गप्पा मारत, त्यांच्याच चालीनं उतरत राहिली.